वैनगंगेवरचा सुरय शोधपत्रिकेपर्यंत कसा पोचवावा

भंडारा जिल्ह्यातून समुद्रपक्ष्यांच्या शोधपत्रिकेला लेख पाठवायचा म्हटलं, तर ऐकणारा आधी हसेल. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण कुरव, सुरय आणि पाणचिरा हे सगळे एकाच लॅरिडी कुळातले, आणि या कुळातल्या काही जातींनी समुद्र सोडून नदी धरली आहे. पिवळ्याधमक चोचीचा, काळ्या टोपीचा नदी सुरय हा त्यातलाच. उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की नदीपात्रात उघड्या पडलेल्या रेतीवर किंवा जलाशयातल्या बोडक्या बेटावर तो अंडी घालतो. त्याचा भाऊबंद काळ्या पोटाचा सुरय आता फारच दुर्मीळ झाला आहे. आययूसीएनच्या लाल यादीत दोघांचीही नावं धोक्यात असलेल्या जातींमध्ये आहेत. दोघांनाही लागते ती रेती आणि स्थिर पाणीपातळी. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी माणसाच्या हातात आहेत. रेती घाटांच्या लिलावात जाते आणि पाणी धरणाच्या दरवाजांवर अवलंबून असतं.

म्हणूनच वैनगंगा, चुलबंद, बावनथडी, गोसीखुर्द धरणाचा फुगवटा आणि जिल्हाभर पसरलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव इथल्या नोंदींना जिल्ह्याबाहेरही मोल आहे. अडचण एवढीच, की त्या नोंदी वहीत, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात किंवा स्थानिक वर्तमानपत्राच्या एका कॉलमात राहून जातात. हा लेख अशा नोंदी ठेवणाऱ्या शिक्षकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी, वनकर्मचाऱ्यांसाठी आणि पक्षिमित्रांसाठी आहे. सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच कसोटी आहे: तुम्हाला न ओळखणाऱ्या, भंडारा कधीही न पाहिलेल्या माणसाला तुमचं म्हणणं तपासता आलं पाहिजे. इंग्रजी सुधारून देणारे भेटतात. ही कसोटी मात्र स्वतःलाच पार करावी लागते.

आधी प्रश्न, मग वही

‘भंडारा जिल्ह्यातील पाणपक्षी’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. अशा शीर्षकाखाली बहुतेकदा जातींची लांबलचक यादी येते आणि संपादक विचारतात, ‘यातून नवं काय कळलं?’ त्याऐवजी प्रश्न लहान करा. पवनी तालुक्यातल्या जलाशयात नदी सुरयाची घरटी कोणत्या प्रकारच्या बेटांवर असतात? पाणीपातळी अचानक वाढल्याने किती घरटी बुडतात? ज्या पट्ट्यात रेतीउपसा चालतो तिथे आणि जिथे चालत नाही तिथे सुरयांच्या संख्येत फरक पडतो का? उन्हाळ्यात नदीपात्रात डांगराच्या वाड्या लागतात, त्यांच्या राखणीमुळे कुत्री दूर राहतात की उलट वाढतात? असा एक प्रश्न एका हंगामाला पुरतो.

प्रश्न ठरला की आधी कोणी काय लिहिलंय ते शोधा. भंडारा पूर्वी मध्य प्रांतात होता. त्या प्रांतातल्या पक्ष्यांची यादी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे डी’अब्रू यांनी १९३५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या, शोधपत्रिकेत छापली होती. या पत्रिकेचे जुने अंक ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’वर फुकट वाचता येतात. आशीष पित्ती यांनी तयार केलेली दक्षिण आशियातल्या पक्षिविषयक लेखनाची सूचीही इंटरनेटवर खुली आहे. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ स्थानिक नावांसाठी हाताशी ठेवा. हा शोध न घेता ‘जिल्ह्यातील पहिलीच नोंद’ असं लिहू नका. ते वाक्य खोडण्यासाठी समीक्षकाला एक जुना अंक पुरतो.

वहीत काय हवं

हस्तलिखिताचा निम्मा भाग नदीकाठीच तयार होतो. तिथे राहिलेली माहिती नंतर टेबलावर बसून मिळत नाही. प्रत्येक फेरीत तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, चाललेलं किंवा डोंग्याने कापलेलं अंतर, निरीक्षकांची संख्या, दुर्बिणीची ताकद, वारा-ढगांची स्थिती आणि पाण्याची पातळी लिहा. पातळीचे अधिकृत आकडे पाटबंधारे विभागाकडे असतात; ते लेखी अर्ज करून मागा आणि त्या पत्राची प्रत जपून ठेवा.

सगळ्यात जास्त राहून जाते ती शून्याची नोंद. सुरय दिसला नाही, म्हणून त्या दिवसाचं पान कोरं ठेवलं जातं. पण ‘सकाळी दोन तास, पाच किलोमीटर पात्र, एकही सुरय नाही’ ही पक्की माहिती आहे. शून्य वगळून काढलेली सरासरी पक्ष्यांची संख्या फुगवून दाखवते. मोजणी शक्य तिथे दोघांनी स्वतंत्रपणे करावी, आकडे मागाहून ताडून पाहावेत आणि दोन्ही आकडे वहीत ठेवावेत.

ई-बर्डवर यादी टाकणं चांगलंच, कारण तारीख आणि ठिकाण तिथे पक्कं होतं. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेतही भाग घ्या. १९८७ पासून चालत आलेली ही गणना हिवाळी संख्येची तुलना करायला आधार देते. मात्र घरट्यांचं नेमकं ठिकाण विणीच्या काळात जाहीर करू नका. निबंधातही नकाशा थोडा ढोबळ ठेवा आणि नेमके बिंदू फक्त संपादकांना कळवा.

घरट्याजवळ किती जायचं

विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात उघड्या रेतीवरचं अंडं काही मिनिटांतही धोक्यात येऊ शकतं. सुरय अंड्यांवर बसतो तो ती ऊन लागून तापू नयेत म्हणूनही. माणूस जवळ गेला की पक्षी उडतो, अंडी तापतात आणि कावळ्यांना जागा कळते. म्हणून शक्य तितकं काम लांबून, टेलिस्कोपने करा. बेटावर उतरणं अटळच असेल तर पहाटे उतरा, आधी ठरवलेल्या मिनिटांत परत फिरा आणि हे सगळं निबंधात लिहा. अंडी हातात घेतलेले फोटो संपादकाच्या मनात लगेच शंका उभी करतात.

कोका किंवा उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या हद्दीत काम असेल, पक्षी पकडणं किंवा कडी घालणं असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वनविभागाची लेखी परवानगी घ्या आणि परवान्याचा क्रमांक निबंधात द्या. ड्रोनचे नियम वेगळे आहेत. त्यासाठी लागणारी परवानगीही आधी हवी. काम उरकल्यावर परवानगी मिळवण्याचा बेत कुठल्याही चांगल्या पत्रिकेत टिकत नाही.

पुरावा: रानपिंगळ्याचा धडा

महाराष्ट्राला या बाबतीत एक जुना धडा आहे. रानपिंगळा हे लहानसं घुबड एकोणिसाव्या शतकानंतर दिसेनासं झालं. पण ब्रिटिश अधिकारी रिचर्ड माइनर्टझहागेन याने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ ते मिळवल्याचा दावा केला होता. त्या नोंदीवर विसंबून शोध घेणारे चुकीच्या जागी वळत राहिले. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासले, माइनर्टझहागेनची नोंद बाजूला ठेवली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना हा पक्षी शहाद्याजवळ पुन्हा सापडला. १९९९ मध्ये रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ‘आयबिस’ या शोधपत्रिकेत दाखवून दिलं, की मांडवीचा म्हणून दिलेला नमुना मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेल्यांपैकी होता. तो चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून ठेवला होता.

हे प्रकरण लक्षात ठेवून, प्रत्येक नोंदीमागे कोणी, कुठे, केव्हा आणि कशावरून हे विचारलं गेलं तर आपण ते मनाला लावून घेऊ नये. सुरयांच्या बाबतीत ओळख पटवणारी लक्षणं शब्दांत लिहा. विणीच्या काळात काळ्या पोटाच्या सुरयाची चोच नारिंगी आणि पोट काळं असतं, तर नदी सुरयाची चोच पिवळी, शरीर भारदस्त आणि पोट फिकट. विणीबाहेरच्या काळात काळ्या पोटाच्या सुरयाचं पोट पांढरं होतं आणि तिथेच घोटाळा होतो. म्हणून चोच, शेपूट आणि पाय स्पष्ट दिसणारे फोटो ठेवा. मूळ फाइल जपा, कातरलेली नव्हे. तिच्यात तारीख आणि वेळ नोंदलेली असते. फोटो नसेल तर तसं सांगा, जागेवरच लिहिलेलं वर्णन द्या आणि दुसरी कोणती जात असण्याची शक्यता तुम्ही कशी वगळली ते लिहा.

पत्रिका कोणती निवडायची

हस्तलिखित लिहायला बसण्याआधी पत्रिका ठरवा, कारण शब्दमर्यादा, संदर्भांची पद्धत आणि आकृत्यांची मापं तिथून येतात. ‘मरीन ऑर्निथॉलॉजी’ ही समुद्रपक्ष्यांना वाहिलेली पत्रिका १९७६ मध्ये आफ्रिकेत ‘कॉर्मोरंट’ या नावाने सुरू झाली. समुद्री जातींशी तुलना करता येईल असं काम असेल, तरच तिचा विचार करा. निव्वळ नदीकाठच्या गणनेला ती जागा नव्हे. पाणपक्ष्यांच्या वसाहती, वीण आणि अधिवास यांवरचा अभ्यास ‘वॉटरबर्ड्स’मध्ये अधिक शोभतो.

देशात १८८६ पासून निघणारी बीएनएचएसची शोधपत्रिका आहे, हैदराबादहून निघणारं ‘इंडियन बर्ड्स’ आहे आणि कोइमतूरचं ‘जर्नल ऑफ थ्रेटण्ड टॅक्सा’ आहे. एखाद-दुसरी महत्त्वाची नोंद असेल तर पूर्ण निबंधाऐवजी छोटं टिपण पाठवा. दोन-तीन पानांचं नेटकं टिपण ओढूनताणून वाढवलेल्या निबंधापेक्षा जास्त वेळा वापरलं जातं. निवडलेल्या पत्रिकेचे अलीकडचे अंक चाळा आणि आपल्यासारखं काम तिथे छापून येतं का ते पाहा.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना इथे एक सावधगिरी. ‘चार दिवसांत स्वीकृती, इतके रुपये भरा’ असे ईमेल रोज येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य पत्रिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्यापासून पारख करण्याची जबाबदारी आपल्यावर आणि आपल्या संस्थेवर आली आहे. संपादक मंडळातली माणसं खरंच त्या विषयातली आहेत का, समीक्षेची पद्धत स्पष्ट लिहिली आहे का, शुल्क आधीच जाहीर केलं आहे का, जुने लेख वाचायला मिळतात का, एवढं तरी तपासा. शुल्क घेणारी प्रत्येक पत्रिका खोटी नसते. चांगल्या पत्रिकाही घेतात आणि पुष्कळदा सवलत देतात. समीक्षेविना छापणारी मात्र टाळाच.

हस्तलिखिताची बांधणी

शीर्षकात जात, जागा आणि मुद्दा आला पाहिजे. समजा तुमचा अभ्यास पाणीपातळीवर आहे, तर ‘गोसीखुर्द जलाशयातील बेटांवर नदी सुरयाची वीण व पाणीपातळीतील चढउतार’ हे शीर्षक वाचणाऱ्याला आत काय आहे ते सांगतं. सारांश दीडशे ते अडीचशे शब्दांत असावा आणि त्यात आकडे हवेत. ‘निष्कर्षांची चर्चा केली आहे’ या वाक्याला सारांशात जागा नाही.

प्रस्तावना छोटी ठेवा. पक्ष्यांचं महत्त्व, प्रदूषण, हवामानबदल असं सगळं जगावरून सुरू करून भंडाऱ्याला यायचं, ही सवय सोडा. या जातीबद्दल काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि तुम्ही त्यातलं काय शोधलं, हे तीन परिच्छेदांत मावतं. अभ्यासक्षेत्राच्या वर्णनात भंडाऱ्याचा इतिहास नको. पात्राची रुंदी, बेटांची उंची, पाणी सोडण्याचा काळ, रेतीउपसा आणि मासेमारी हवी.

पद्धती हा भाग सर्वांत आधी लिहा आणि सर्वांत सविस्तर लिहा. पुढच्या वर्षी एखादी अनोळखी विद्यार्थिनी तुमचं काम तसंच करू शकेल, इतकं त्यात असावं. निष्कर्षांत फक्त जे दिसलं ते. त्याचा अर्थ चर्चेत. चर्चेत मर्यादा मोकळेपणाने सांगा. एकाच हंगामाच्या नोंदीवरून ‘संख्या घटत आहे’ असं लिहिता येत नाही; त्यासाठी वर्षं लागतात.

नावांच्या बाबतीत एकच यादी धरा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅविलिस्ट’ने जगभरच्या वेगवेगळ्या याद्या एकत्र आणल्या आहेत. पत्रिका जी मानते ती वापरा, शास्त्रीय नाव पहिल्या उल्लेखात तिरप्या अक्षरांत द्या आणि गावांच्या नावांची स्पेलिंग सगळीकडे सारखी ठेवा. नकाशावर उत्तर दिशा, मापपट्टी आणि अक्षांश-रेखांश हवेत. छायाचित्रं छपाईसाठी साधारण तीनशे डीपीआयची लागतात.

आकड्यांचा प्रामाणिकपणा

चार घरट्यांपैकी तीन बुडाली तर ‘पंचाहत्तर टक्के’ लिहू नका, ‘चारपैकी तीन’ लिहा. सरासरीसोबत किती निरीक्षणं होती आणि आकडे किती पसरलेले होते, हे द्या.

घरट्यांच्या यशाचा हिशोब हमखास चुकतो, म्हणून तो जरा तपशिलात पाहू. समजा २० घरटी सापडली आणि त्यांतली ९ नष्ट झाली. उरलेली ११ म्हणजे ५५ टक्के यश, असं वाटतं. पण बरीच घरटी आपल्याला अर्धा काळ उलटल्यावर सापडतात, आणि जी आधीच नष्ट झाली ती आपल्या मोजणीत येतच नाहीत. हॅरॉल्ड मेफिल्ड यांनी १९६१ मध्ये यावर उपाय सुचवला: घरटी किती आहेत ते मोजण्याऐवजी त्यांवर किती दिवस लक्ष ठेवलं ते मोजा. या २० घरट्यांवर मिळून २०० ‘घरटे-दिवस’ नजर होती असं धरा. ९ ला २०० ने भागलं की रोज नष्ट होण्याचं प्रमाण ०.०४५ येतं, म्हणजे रोज टिकण्याचं ०.९५५. अंडी उबवण्याचा काळ २० दिवसांचा धरला तर ०.९५५ चा विसावा घात साधारण ०.४० येतो. म्हणजे यश ५५ टक्के नाही, ४० टक्क्यांच्या आसपास. पाणी कधी सोडावं याची शिफारस करायची असेल, तर हा फरक लहान नाही. हिशोब गुंतागुंतीचा होऊ लागला तर काम सुरू करण्यापूर्वीच संख्याशास्त्राच्या शिक्षकांना भेटा. हंगाम संपल्यावर भेटून फारसं हाती लागत नाही.

नावं कुणाची

लेखक तोच, ज्याने कामाची आखणी, नोंदी, विश्लेषण किंवा लेखन यांत खरा वाटा उचलला आणि जो त्या लेखाची जबाबदारी घेतो. मोठ्या पदावरच्या माणसाचं नाव केवळ मानाने घालणं योग्य नाही. दुसऱ्या बाजूने, ज्या ढिवर (मासेमार) बांधवाने बेटं दाखवली, पाणी कधी चढतं ते सांगितलं आणि हंगामभर डोंगा वल्हवला, त्याला ‘स्थानिक लोक’ या दोन शब्दांत संपवू नका. त्याच्या संमतीने आभारांत नाव घ्या. त्याने नियमित नोंदी ठेवल्या असतील तर त्याचं लेखकत्वही विचारात घ्या. माशांचा आणि तलावांचा स्थानिक अभ्यास जपणारं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ याच भागात काम करतं. ढिवरांच्या ज्ञानाला संशोधनात जागा कशी द्यावी, हे त्यांच्या कामातून शिकता येईल.

पाठवण्यापूर्वी

लेखकांसाठीच्या सूचनांची छापील प्रत समोर ठेवून एकेक ओळ टिकमार्क करा. ओळींना क्रमांक, दुप्पट अंतर, फाइलचा प्रकार, आकृत्या वेगळ्या की मजकुरात, लेखकांची नावं समीक्षकांपासून लपवायची की नाही, हे सगळं तिथे असतं. ऑर्किड (ORCID) हा लेखकाचा ओळख क्रमांक काढून ठेवा. तो फुकट मिळतो आणि एकाच नावाच्या दोन लेखकांतला गोंधळ टळतो. मजकुरात दिलेला प्रत्येक संदर्भ शेवटच्या यादीत आहे का आणि यादीतला प्रत्येक मजकुरात आहे का, ते पाहा. तुम्ही स्वतः न वाचलेला लेख संदर्भात देऊ नका. भाषा सुधारायला एआयचं साधन वापरलं असेल तर पत्रिकेच्या नियमाप्रमाणे सांगा, आणि त्याने सुचवलेले संदर्भ एकेक करून तपासा. अस्तित्वात नसलेले लेखही ही साधनं बिनदिक्कत सुचवतात.

सोबतच्या पत्रात चार गोष्टी पुरे: शीर्षक, नवं काय आहे, हे काम दुसरीकडे पाठवलेलं नाही याची हमी, आणि सर्व लेखकांची संमती. एकच हस्तलिखित एकाच वेळी दोन पत्रिकांना पाठवणं हा गैरप्रकार मानला जातो.

शेरे आल्यावर

उत्तर यायला काही महिने लागू शकतात. तीन महिने शांतता असेल तर संपादकांना दोन ओळींचं विनम्र पत्र टाका. समीक्षकांचे शेरे आले की पहिल्या दिवशी उत्तर लिहू नका. प्रत्येक शेरा उतरवून घ्या, त्याखाली तुम्ही काय बदललं आणि कोणत्या ओळीत, ते लिहा. एखादी सूचना पटत नसेल तर नकार द्यायला हरकत नाही, मात्र कारण पुराव्यासह द्या. ‘समीक्षकाला भंडाऱ्याची माहिती नाही’ हे उत्तर नव्हे. ती माहिती देणं हेच तर निबंधाचं काम होतं. लेख नाकारला गेला तरी शेऱ्यांप्रमाणे दुरुस्त करूनच पुढच्या पत्रिकेकडे पाठवा. या क्षेत्रात समीक्षक मोजके असतात. तोच माणूस तोच न बदललेला लेख पुन्हा वाचण्याची शक्यता असते. स्वीकृतीनंतर मुद्रितं येतील, तेव्हा नावं, अक्षांश-रेखांश, तक्ते आणि दशांश चिन्हं दोघांनी मिळून तपासा.

छापून आल्यानंतर

प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा एक पानी मराठी सारांश तयार करा: काय पाहिलं, किती पाहिलं, काय आढळलं आणि कोणता बदल उपयोगी पडेल. तो उपवनसंरक्षक कार्यालय, गोसीखुर्दचं काम पाहणारं विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ, रेतीघाट ठरवणारं जिल्हा प्रशासन आणि संबंधित मच्छीमार सहकारी संस्था यांना द्या. विणीच्या काळात कोणता घाट बंद ठेवावा, पाणी टप्प्याटप्प्याने सोडता येईल का, हे निर्णय भंडाऱ्यात आणि नागपुरात होतात. तिथे ‘पक्षी कमी झालेत असं वाटतं’ हे वाक्य फाइलमध्ये चढत नाही. तारखा, पातळी आणि घरट्यांचे आकडे असलेला, बाहेरच्या समीक्षकांनी तपासलेला निबंध मात्र पत्रासोबत जोडता येतो, आणि अधिकाऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं.